प्रॉम्स : आधी रेडिओवर, मग उभ्याने

लंडनमध्ये दर उन्हाळ्यात सुमारे आठ आठवडे जवळजवळ रोज संध्याकाळी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंदाची मैफल होते आणि त्यातली प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ 3 वरून थेट प्रक्षेपित केली जाते. या मालिकेला सगळे ‘प्रॉम्स’ म्हणतात. रॉबर्ट न्यूमन नावाच्या व्यवस्थापकाने आणि हेन्री वुड या तरुण वाद्यवृंद-संचालकाने (कंडक्टर) 10 ऑगस्ट 1895 रोजी क्वीन्स हॉल या सभागृहात ती सुरू केली. तिकीट स्वस्त ठेवायचे, श्रोत्यांना उभे राहून ऐकू द्यायचे आणि ज्यांनी असे संगीत कधी ऐकलेले नाही त्यांचे कान हळूहळू तयार करायचे, असा त्यामागचा विचार होता. 1927 मध्ये बीबीसीने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली, 1941 च्या मे महिन्यात बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला आणि तेव्हापासून प्रॉम्सचा मुक्काम अल्बर्ट हॉलमध्ये आहे. 2024 चा हंगाम 19 जुलै ते 14 सप्टेंबर असा होता. तो मी आधी रेडिओवर आणि मग प्रत्यक्ष उभी राहून ऐकला. त्याचा हा वृत्तान्त मुख्यतः अशा मराठी वाचकांसाठी आहे, ज्यांना गाण्याची आवड आहे, परंतु सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) म्हटले की आपण त्या गावचे नव्हे असे वाटते.

मला तसे वाटत होते आणि त्याला कारणेही होती. घरी कोल्हापूरला बाबा आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम ऐकत. शनिवारी रात्री रेडिओ लागला की घरात मोठ्याने बोलण्याची सोय नसे. 1952 मध्ये, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाने आमच्यासारख्या कित्येक घरांना मोठे कलावंत ऐकवले. म्हणजे रेडिओवरून गंभीरपणे संगीत ऐकण्याची सवय मला होती. अडचण होती ती या संगीताच्या बांधणीची. आलापापासून द्रुतापर्यंतचा रस्ता ओळखीचा असलेल्या कानाला चार भागांच्या सिंफनीत आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही. त्यात टाळ्या कधी वाजवायच्या, कपडे कोणते घालायचे, तिकीट किती महाग असेल, या शंका होत्याच.

एप्रिलच्या अखेरीस हंगामाचा कार्यक्रम जाहीर झाला. आसनांच्या तिकिटांची सर्वसाधारण विक्री शनिवार, 18 मे रोजी सकाळी 9 वाजता उघडणार होती. त्याआधी सभागृहाच्या संकेतस्थळावर खाते उघडून नाव, पत्ता आणि कार्डाचा तपशील भरून ठेवावा, कारण विक्री उघडली की आभासी प्रतीक्षाकक्षात रांगेतला क्रमांक मिळतो आणि आपली पाळी आल्यावर अर्ज भरत बसायला वेळ नसतो. माझी पाळी आली तेव्हा मला हव्या असलेल्या बर्लिन फिलहार्मोनिकच्या मैफलीत परवडणारे आसन राहिलेले नव्हते. मी काहीही विकत न घेता बाहेर पडले आणि उभ्याच्या तिकिटांवर भरवसा ठेवायचे ठरवले. ही तिकिटे त्या त्या मैफलीच्या दिवशी सकाळी मिळतात आणि 2024 मध्ये त्यांची किंमत आरक्षण शुल्क धरून 8 पौंड होती.

जुलैपर्यंतचा काळ मी रेडिओची व्यवस्था लावण्यात घालवला. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांपैकी अनेकांचा असा समज असतो की बीबीसीचे काहीही ऐकायचे असेल तर परवाना लागतो. 2024 मध्ये वर्षाला 169.50 पौंडांचा जो परवाना होता तो दूरचित्रवाणीसाठी होता. केवळ रेडिओसाठीचा परवाना 1971 मध्येच रद्द झाला, त्यामुळे रेडिओ 3 ऐकायला एक पेनीही पडत नाही. ऐकण्याचे मार्ग तीन : 90 ते 93 मेगाहर्ट्झमधला एफएम, डिजिटल रेडिओ आणि इंटरनेटवरचे बीबीसी साउंड्स. लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या सदनिकेत एफएमची तार खिडकीच्या चौकटीला बांधल्यावर खरखर गेली. एफएमवर आवाज सर्वांत आधी पोहोचतो, डिजिटल रेडिओ काही क्षण मागे असतो आणि इंटरनेट त्याहूनही मागे, त्यामुळे एका घरात दोन यंत्रे एकदम लावू नयेत. साउंड्सचा फायदा असा की झालेली मैफल नंतर काही आठवडे पुन्हा ऐकता येते. माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा आधार ठरला.

19 जुलैची पहिली मैफल मी घरीच ऐकली. एलिम चॅन बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन करीत होत्या. क्लारा शुमानचा पियानो कॉन्चेर्तो (एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) इसाता कॅने-मेसन वाजवणार होत्या आणि शेवटी बेथोव्हेनची पाचवी सिंफनी होती. मी आदल्या दिवशी दोन्ही रचना एकेकदा ऐकून ठेवल्या होत्या. हे अवश्य करावे, एकदाच करावे आणि फार वाचन करू नये. क्लारा शुमानने हा कॉन्चेर्तो किशोरवयात रचला आणि 1835 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेंडेल्सनच्या संचालनाखाली लाइपझिगमध्ये स्वतः वाजवला. त्याच्या मधल्या भागात सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि पियानोच्या सोबतीला एकच चेलो (व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जाचे वाद्य) उरतो. रेडिओवर हा क्षण आपोआप जवळ येतो. आजूबाजूला पाच हजार माणसे बसलेली आहेत हे विसरायला होते आणि दोन वाद्ये आपल्याच खोलीत बोलत आहेत असे वाटते. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत मात्र रेडिओची मर्यादा कळते. तिसऱ्या भागाच्या अखेरीस टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, अगदी हलका ठोका चालू राहतो आणि त्यातून न थांबता चौथा भाग पूर्ण जोराने उसळतो. हलक्या जागी आवाज वाढवण्याचा मोह टाळावा, शेजारी भिंतीवर थाप मारतात. रचनेतली सर्वांत मोठी जागा डोळ्यांसमोर ठेवून सुरुवातीलाच आवाज बेताचा लावावा आणि नंतर बटणाला हात लावू नये.

निवेदक काय करतात याकडेही मी त्या दिवशी लक्ष दिले. संचालक मंचावर येण्याआधी ते रचनेची पार्श्वभूमी मोजक्या शब्दांत सांगतात, वाद्ये जुळवण्याचा सूर मागे ऐकू येत असतो, मग टाळ्या वाढतात आणि निवेदक बाजूला होतात. मध्यंतरात सभागृहातले लोक आइस्क्रीम खात असताना रेडिओच्या श्रोत्याला त्या संध्याकाळच्या संगीताविषयी गप्पा ऐकायला मिळतात. नवख्या माणसासाठी ही शिकवणी विनामूल्य आहे आणि ती सभागृहात मिळत नाही.

येथे थोडे विषयांतर करते. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा हा रेडिओने स्वतःसाठी उभा केलेला वाद्यवृंद आहे. 1930 मध्ये एड्रियन बोल्ट यांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि आज मँचेस्टर परिसरात, स्कॉटलंडमध्ये आणि वेल्समध्येही बीबीसीचे वाद्यवृंद आहेत. आपल्याकडे आकाशवाणीने कलावंतांना नोकरीवर घेतले आणि 1952 मध्ये रवि शंकर यांच्याकडे सोपवून वाद्यवृंद स्थापन केला, तो याच कल्पनेचा भारतीय अवतार होता. सरकारी पैशावर वा परवान्याच्या पैशावर संगीतकार पोसावेत का, हा वाद इथेही संपलेला नाही. 2023 मध्ये बीबीसी सिंगर्स हा गायकसमूह बंद करण्याची घोषणा झाली आणि मोठ्या विरोधानंतर ती स्थगित ठेवावी लागली. कोल्हापूरच्या घरात रेडिओवर वाढलेल्या माझ्यासारखीचे मत कुणीकडे असेल ते सांगायला नको.

ऑगस्टपर्यंत मी रेडिओवर ऐकत राहिले आणि मग प्रत्यक्ष जाण्यासाठी रविवार, 11 ऑगस्टची मैफल निवडली. वेस्ट-ईस्टर्न दिवाण ऑर्केस्ट्रा, संचालक डॅनिएल बॅरेनबॉइम, ॲन-सोफी मुटर यांचे व्हायोलिन. आधी ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि मध्यंतरानंतर शुबर्टची नववी सिंफनी. बॅरेनबॉइम आणि पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांनी 1999 मध्ये इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र आणण्यासाठी हा वाद्यवृंद स्थापन केला, म्हणजे तो त्याच्या पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम होता.

उभ्याची तिकिटे सकाळी साडेनऊला उघडतात. दहा मिनिटे आधी खात्यात प्रवेश करून ठेवावा, कार्ड हाताशी ठेवावे आणि बँकेचा पडताळणी संदेश ज्या फोनवर येतो तो चार्ज केलेला असावा. उभे राहण्याच्या जागा दोन आहेत : मंचासमोरचा तळमजला, म्हणजे अरीना, आणि छताजवळची गॅलरी. गॅलरीत गर्दी कमी असते, कठड्याला टेकता येते आणि आवाज एकत्र होऊन वर येतो. अरीनात वादकांचे श्वास दिसतात. मी अरीना निवडली. तिकीट फोनवर आले, परंतु तिकिटावर जागेचा क्रमांक नसतो. जो रांगेत पुढे तो कठड्यापाशी. त्यामुळे पुढची जागा हवी असेल तर दुपारीच जावे लागते आणि नको असेल तर दारे उघडण्याच्या सुमारास गेले तरी आत प्रवेश मिळतो.

हाउन्सलो ईस्टहून पिकाडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला जाते आणि तिथून एक्झिबिशन रोडने चालत सभागृह गाठता येते. कामाच्या दिवशी जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की संध्याकाळी 4 ते 7 या गर्दीच्या वेळेतही बाहेरच्या भाडे-परिमंडळातून पहिल्या, म्हणजे मध्यवर्ती, परिमंडळाकडे येणाऱ्या प्रवासाला कमी दर लागतो. रांगेत वर्षानुवर्षे येणारे निवृत्त शिक्षक, संगीताचे विद्यार्थी आणि घडीची स्टुले घेऊन आलेले अनुभवी लोक होते. शेजारच्या बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या : पोट भरलेले असू द्या आणि गुडघे ताठ ठेवून उभ्या राहू नका. दोन्ही खऱ्या ठरल्या. अरीनात उकडते, माणसांना भोवळ येते. मऊ तळव्याचे बूट आणि सुती कपडे पुरतात, साडी वा सूट यांची अपेक्षा कुणालाही नसते. मध्यंतरात सगळे खुशाल जमिनीवर बसतात.

अरीनाच्या स्वतःच्या परंपरा आहेत. पियानोचे झाकण उचलले जाते तेव्हा खालून एक आरोळी येते आणि गॅलरीतून तिला उत्तर मिळते. मध्यंतरानंतर उभ्याने ऐकणारी ‘प्रॉमर’ मंडळी एका सुरात, मोठ्याने, संगीतविषयक धर्मादाय संस्थांसाठी जमलेल्या वर्गणीचा आकडा जाहीर करतात. मंचामागे हेन्री वुड यांचा अर्धपुतळा हंगामभर उभा असतो. टाळ्यांची माझी भीतीही तिथेच संपली. कॉन्चेर्तोचा पहिला भाग झाल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही यावर सभागृहाचेच एकमत नसते. काही जण वाजवतात, काही जण नाक मुरडतात, संचालक थांबतात आणि पुढे जातात. नवख्याने संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबावे, म्हणजे कुणालाच काही बोलायला जागा राहत नाही.

बॅरेनबॉइम यांना गंभीर मज्जातंतुविकार आहे, हे त्यांनी 2022 मध्येच जाहीर केले होते. ते सावकाश आले, बसले आणि अतिशय थोड्या हालचालींनी संचालन करू लागले. वादक एकमेकांकडे आणि आपल्या प्रमुख व्हायोलिनवादकाकडे बघून वाजवत होते, ते मला एवढ्या जवळून स्पष्ट दिसत होते. ब्राम्सच्या दुसऱ्या भागात ओबो हे सनईच्या जातीचे वाद्य एक लांब, शांत धून वाजवते आणि एकल व्हायोलिनवादक तोपर्यंत वाट पाहत उभा असतो. मुटर यांचे ते नुसते ऐकत उभे राहणे हाही त्या भागाचा एक अंश आहे, असे मला वाटले. शुबर्टची सिंफनी हॉर्न या पितळी वाद्याच्या जोडीच्या एकत्र स्वरांनी उघडते. तो आवाज अरीनात मागच्या भिंतीकडून फिरून आल्यासारखा येतो. या सभागृहात ब्रिटिश संगीतकाराची रचना निदान दोनदा ऐकली जाण्याची खात्री असते, असा तिथल्या प्रतिध्वनीवरचा जुना विनोद आहे. हा प्रतिध्वनी कमी करण्यासाठी 1969 मध्ये छताखाली टांगलेल्या मोठ्या तबकड्या आजही दिसतात.

दोन दिवसांनी तीच मैफल मी साउंड्सवर पुन्हा ऐकली आणि माझ्या पूर्ण खटाटोपातला सर्वांत उपयोगी तास तोच होता. मंचावर बारीक तारांनी लोंबणारे आणि वाद्यांमध्ये उभे केलेले मायक्रोफोन मी पाहिले होते. रेडिओवर ऐकताना कळले की ते कुणासाठी होते. अरीनात व्हायोलिनांच्या भिंतीमागे हरवलेल्या क्लॅरिनेट आणि बासून या फुंकवाद्यांच्या ओळी इथे स्वच्छ ऐकू येत होत्या. हॉर्नचा प्रतिध्वनी जवळजवळ नाहीसा झाला होता आणि संचालकाच्या त्या थोड्या हालचालींचा मागमूसही राहिला नव्हता. उलट, तळव्यांतून जाणवलेला डबल बेसचा गडगडाट रेडिओवर सौम्य झाला होता. रेडिओ म्हणजे सभागृहाला लावलेली खिडकी असे मी इतके दिवस धरून चालले होते. वास्तविक निर्माता आणि ध्वनितंत्रज्ञ त्याच क्षणी, त्याच सुरांतून, वेगळ्या अंतरावरची मैफल रचत असतात. जे सभागृहात येऊ शकत नाहीत त्यांना उरलेसुरले मिळते ही समजूत त्यानंतर मी सोडून दिली.

1 सप्टेंबरला बर्लिन फिलहार्मोनिक किरिल पेट्रेंको यांच्या संचालनाखाली ब्रूकनरची पाचवी सिंफनी वाजवणार होते. ब्रूकनर यांच्या जन्माला त्याच आठवड्यात, 4 सप्टेंबरला, दोनशे वर्षे होत होती. उभ्याचे तिकीट मिळाले नाही. रेडिओ लावला आणि बाबांनाही कोल्हापुरात इंटरनेटवर ऐकायला सांगितले. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे साडेसातची मैफल तिकडे बरोबर मध्यरात्री सुरू होते. सवाई गंधर्वला रात्र रात्र जागलेल्या माणसाला त्याचे काही विशेष वाटले नाही. ब्रूकनर मध्येच सगळा वाद्यवृंद थांबवतो आणि काही क्षण काहीच वाजत नाही. अशा जागी रेडिओवर शांतता ऐकू येत नाही, सभागृह ऐकू येते : कुणाची तरी खुर्ची, कुणाचा तरी श्वास, वर विरत जाणारा पितळी वाद्यांचा शेवटचा सूर. नंतर बाबांचा फोन आला.

“अगं, हे लोक भाग संपला की एवढे खोकतात का?”

“तेवढ्यासाठीच थांबलेले असतात, बाबा.”

“आणि मधे दाद कुणीच देत नाही? एवढं चांगलं वाजवलं त्या तुताऱ्यांनी.”

त्यांना शेवटच्या भागातली पितळी वाद्यांची कोराल (स्तोत्रासारखी संथ धून) फार आवडली होती. तीच धून पुढे फ्यूगच्या, म्हणजे एकामागून एक वाद्ये तीच धून उचलतात त्या रचनेच्या, गुंत्यात परत येते हे त्यांनी माझ्याआधी ओळखले, कारण बंदिशीचा मुखडा कुठून परत येतो याकडे कान ठेवण्यात त्यांची साठ वर्षे गेली आहेत. सिंफनी ऐकायला आपली तयारी नाही असे म्हणणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

शुक्रवार, 6 सप्टेंबरला सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बव्हेरियन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा मालरची सहावी सिंफनी वाजवणार होता. हाही रेडिओचाच वाद्यवृंद, 1949 मध्ये म्युनिकमध्ये स्थापन झालेला. कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढली, साडेनऊला तिकीट मिळाले आणि रांगेत बऱ्यापैकी पुढची जागा मिळाली. ही रचना साधारण ऐंशी मिनिटांची आहे, म्हणून आधी दोन रात्री तिचे अर्धे अर्धे भाग ऐकून ठेवले होते. तिच्यात गायींच्या गळ्यातल्या घंटा आहेत आणि त्या दूरवरून ऐकू याव्यात असे मालरने लिहिले आहे. अरीनात त्या नेमक्या कुठून येत आहेत हे न कळल्याने आजूबाजूची माणसे मान वळवून शोधत होती. शेवटच्या भागात लाकडी हातोड्याचा घाव आहे. मालरने आधी तीन घाव लिहिले होते, नंतर एक काढून टाकला. हातोडा वर उचलला जाताना दिसतो आणि तो खाली येण्याआधीच पोटात गोळा येतो. रेडिओवर नंतर ऐकला तेव्हा तो घाव एक मोठा, बोथट आवाज होता, आधीची भीती त्यात नव्हती. घंटा मात्र रेडिओवर अधिक दूर, अधिक थंड वाटल्या आणि मालरला हवे होते ते बहुधा हेच असावे. एकाच रचनेचा एक तुकडा सभागृहात सरस आणि दुसरा रेडिओवर, असा निवाडा मी आता निर्धास्तपणे करते.

14 सप्टेंबरच्या अखेरच्या रात्रीची तिकिटे बव्हंशी सोडतीने जातात आणि हंगामातल्या किमान 5 इतर मैफलींची तिकिटे घेतलेल्यांना त्यासाठी वेगळी संधी असते. झेंडे आणि सामूहिक गाणी यांचे मला फार आकर्षण नाही, त्यामुळे ती रात्र रेडिओवर, स्वयंपाक करता करता ऐकली.

हंगाम संपला तरी थेट प्रक्षेपणे संपत नाहीत. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा हिवाळ्यात लंडनमधल्या बार्बिकन सभागृहात वाजवतो आणि त्यातल्या अनेक मैफली रेडिओ 3 वर येतात. शिवाय स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणांना श्रोते म्हणून बसण्यासाठी बीबीसीच्या संकेतस्थळावर विनामूल्य तिकिटांचा अर्ज करता येतो, त्यांचीही सोडत होते. अशा तिकिटांची संख्या बहुधा आसनांपेक्षा जास्त काढलेली असते, म्हणून तिकीट हाती असले तरी लवकर पोहोचावे लागते. बाबा जानेवारीत इकडे येणार आहेत. मी दोघांच्या नावाने अर्ज भरला आहे, पण त्यांची अट एकच आहे : मैफल झाली की घरी येऊन तीच पुन्हा रेडिओवर लावायची.